कुंपण नसलेली जत्रा

घोटीच्या पंचक्रोशीत करमणुकीचे वर्ष तिथ्यांवर चालते. महाशिवरात्रीला टाकेदची जत्रा, नवरात्रात बारीमार्गे कळसूबाई, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. देवदर्शन तासाभरात आटोपते; उरलेला दिवस आकाशपाळणा, मौत का कुवा, रेवड्या-भत्त्याची दुकाने आणि तमाशाचा फड यांचा असतो. थीम पार्क हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून या मुलखाला त्याची सवय आहे. म्हणून कोरोनाच्या साथीत करमणुकीची ठिकाणे कशी सावरली हे पाहायचे, तर शांघायच्या डिस्नेलँडशेजारी टाकेदची जत्राही ठेवून पाहावी. माझे म्हणणे असे, की साथीशी जुळवून घेण्याची मुभा ज्याला कुंपण होते त्यालाच मिळाली.

गर्दी आणि साथ यांचे नाते सरकारला जुने ठाऊक होते. हरिद्वारचा मेळा 1892 मध्ये पटकीच्या भीतीने पांगवला गेला. थळघाटातून आगगाडी 1865 मध्येच इगतपुरीपर्यंत चढली होती, त्यामुळे 1896 मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा घोटीसारखी गावे मुंबईपासून काही तासांच्याच अंतरावर होती. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याने सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुढे 13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्राने लागू केला तो हाच. मधल्या सव्वाशे वर्षांत गर्दी बंद कशी करायची हे प्रशासनाला पाठ झाले; ती विरळ कशी करायची हे मात्र शिकायचे राहून गेले.

जत्रेचे दोन भाग पडतात, आणि साथीत त्यांचे नशीब वेगळे निघते. विधी आक्रसू शकतो. आषाढी 2020 ला पालख्या पायी न जाता एसटीने पंढरपूरला गेल्या, सोबत मोजके वारकरी. त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या निवृत्तिनाथांच्या पादुकाही तशाच. वारीचा मान राहिला. आकाशपाळणा असा आक्रसत नाही. पाच माणसांत पूजा होते, पाच माणसांत पाळण्याचे डिझेलही सुटत नाही. शांघायचे डिस्नेलँड 11 मे 2020 ला उघडले ते एरवीच्या 80 हजारांऐवजी 24 हजारांच्या आत माणसे घेऊन, आधी नोंदवलेल्या तिकिटावर. हे जमले, कारण तिथे फाटक आहे आणि फाटकावर डोकी मोजता येतात. शिवाय मे गेला तरी दिवाळी हाताशी राहते. पाळणेवाल्याचा हंगाम चैत्र-वैशाखात. तिथी चुकली की वर्ष बुडाले.

कुणी म्हणेल, जत्रा मोजताच येत नाही, मग बंद करण्यावाचून इलाज काय? पहिल्या लाटेपुरते हे मान्य. पण त्याच दिवसांत गावोगावचे भाजीबाजार पेठेतून मोकळ्या मैदानात गेले; जमिनीवर फक्कीचे चौकोन आखले, एका चौकोनात एक गिऱ्हाईक. तिथेही कुंपण नव्हतेच. भाजी जीवनावश्यक आणि पाळणा चैन, हा त्यावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाहणाऱ्याला पाळणा चैन असेल. तो फिरवणाऱ्याची मात्र ती चूल आहे. आणि चैनच बंद ठेवायची होती, तर सिनेमागृहे नोव्हेंबर 2020 मध्ये निम्म्या खुर्च्यांवर का उघडली? मालकांच्या संघटना मंत्रालयापर्यंत पोचतात; ट्रकवर पाळणा लादून गावोगाव फिरणाऱ्याचा अर्ज कोणत्या टेबलावर जाणार?

तिथ्यांनीही छळ मांडला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी येऊन जत्रांच्या सुपाऱ्या ठरवतात. 2020 चा पाडवा 25 मार्चला आला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. 2021 चा आला 13 एप्रिलला. दुसऱ्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी. त्या ऑक्टोबरात 7 तारखेला मंदिरे उघडली, 22 तारखेला पाण्याचे खेळ वगळून मनोरंजन उद्याने. फडमालकाला त्या आदेशाचा उपयोग थोडा, कारण सुपारी चैत्राची. निर्बंध पूर्ण उठले ते 2 एप्रिल 2022 ला, आणि त्या दिवशीही पाडवाच होता.