दर्शनी नकाशा आणि तपशिलाचा विवेक



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला सरळच विचारले, "नकाशात रेघा किती काढाव्यात, यावर तासभर बोलण्यासारखे असते तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या विषयाकडे मला ज्याने ढकलले, तो प्रसंग सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. सभासदांपुढे नकाशे आले. त्यांत इमारतीच्या पुढच्या बाजूचा नकाशा, ज्याला कचेरीत सगळे एलेव्हेशन म्हणतात, तो भला मोठा आणि विलक्षण भरगच्च होता. सज्जाच्या कठड्याचा गज न् गज, खिडकीच्या चौकटीवरच्या पट्ट्या, तळमजल्याला लावलेल्या दगडाचा सांधा न् सांधा त्यात होता. मंडळी खूष झाली. कोणी म्हणाले, पाहा, किती बारकाईने विचार केला आहे! पुढे काम सुरू झाल्यावर दगड आला नाही, कठडाही निराळाच बसला. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "ते नुसते दाखवण्यापुरते होते. संगणकात तयार होते, ते आले." म्हणजे ज्या गोष्टींचा विचार सर्वांत अधिक झाला असे आम्ही समजत होतो, त्यांचा विचार कोणी केलेलाच नव्हता. फसवणूक म्हणावी, तर फसवण्याइतके लक्षही तिकडे कोणी दिले नव्हते.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. इमारतीच्या नकाशात किती तपशील दाखवावा, हे माणसाने आजवर कसे ठरवले? आणि संगणक आल्यावर ते ठरवणे अवघड का झाले?

आरंभ फार जुन्या काळापासून करतो. आजच्या तुर्कस्तानात, प्राचीन मिलेटस नगराजवळ डिडिमा येथे अपोलोचे एक प्रचंड मंदिर आहे. ते कधीच पुरे झाले नाही, आणि हेच आपले भाग्य. कारण भिंतींवरचा शेवटचा हात फिरायचा राहिला, म्हणून त्या भिंतींवर कारागिरांनी कोरून काढलेल्या बारीक रेषा शाबूत राहिल्या. १९७९ साली लोथार हाझेलबर्गर या जर्मन संशोधकाच्या त्या नजरेस पडल्या. हे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील बांधकामाचे नकाशेच होते. बहुतेक रेखाटन खऱ्या मापाचे होते. परंतु एका आकृतीत मोठी गंमत आहे. ग्रीक स्तंभ वर निमुळता होताना मध्ये किंचित फुगीर असतो. सुमारे अठरा मीटर उंचीच्या खांबाला हा फुगवटा अवघा काही सेंटिमीटरांचा. संपूर्ण खांब लहान करून काढावा, तर फुगवटा दिसेनासा होतो. खऱ्या मापात काढावा, तर तेवढी जागा कोठून आणायची? त्या कारागिराने काय केले? आडवे माप जसेच्या तसे ठेवले आणि उभे माप तेवढे सोळा पटींनी आखडले. फुटाच्या जागी एक अंगुळ. खांब माणसाच्या छातीइतक्या उंचीत मावला आणि फुगवटा पूर्ण मापात हाती आला. जे महत्त्वाचे ते पूर्ण दाखवावे आणि बाकीचे आवरते घ्यावे, या न्यायाचा इतका चतुर नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

मध्ययुगातील युरोपात चित्र पालटते. जर्मनीत कलोन येथील प्रार्थनामंदिराच्या पश्चिम बाजूचा दर्शनी नकाशा सुमारे १२८० च्या सुमारास चर्मपत्रावर काढला गेला. त्याची उंची चार मीटरांवर आहे. त्यात जाळीदार खिडक्या, शिखरे, कमानी सगळे आहे. एवढा तपशील कशासाठी? कारण बांधकाम अनेक पिढ्यांचे. आजचा मुख्य गवंडी उद्या असणार नाही, तेव्हा नकाशालाच वारस नेमले. आणि तो वारस ठरलाही! काम शेकडो वर्षे बंद पडले. फ्रेंच फौजा आल्या तेव्हा हे चर्मपत्र हलवले गेले आणि हरवले; १८१४ साली त्याचा अर्धा भाग डार्मस्टाट येथे आणि १८१६ साली उरलेला अर्धा पॅरिसमध्ये सापडला. १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले, आणि १८८० साली मनोरे पुरे झाले ते याच नकाशाच्या आधाराने. मात्र एक ध्यानात घ्या. दगड घडवणाऱ्या पाथरवटाला या चार मीटरांच्या नकाशावरून छिन्नी चालवता येत नसे. त्याच्यासाठी कमानीचा आकार जमिनीवर खऱ्या मापात आखून फळीचे साचे कापीत. इंग्लंडात यॉर्क येथे अशा आखणीची जमीन अजून पाहावयास मिळते. एकाच नकाशाने सगळ्यांशी बोलावे, असा हट्ट त्या काळी नव्हता.

पंधराव्या शतकात इटलीत आल्बर्टी नावाच्या पंडिताने या व्यवहाराला तत्त्वाचे रूप दिले. १४५२ च्या सुमारास त्याने स्थापत्यावर ग्रंथ लिहिला. तो १४८५ साली छापून निघाला. त्याचे म्हणणे असे की, चित्रकाराने छायाप्रकाशाने उठाव दाखवावा. स्थापत्यकाराने खऱ्या मापाच्या रेषांनी बोलावे. नमुन्याच्या प्रतिकृतीविषयी तर तो अधिक कडक आहे. रंगवलेली, नटवलेली प्रतिकृती पुढे करणारा मनुष्य पाहणाऱ्याची नजर मुख्य गोष्टीवरून दूर नेतो. म्हणून प्रतिकृती साधी असावी, तीत कल्पना करणाऱ्याची बुद्धी दिसावी, ती घडवणाऱ्याची कारागिरी नव्हे, असा त्याचा आग्रह होता. आमच्या संस्थेच्या सभेत आल्बर्टीसाहेब असते, तर नकाशाची घडी घालून परत देते.

पुढे १५१९ च्या सुमारास राफाएलने पोप दहावा लिओ यांना लिहिलेल्या पत्रात प्राचीन रोमच्या इमारती कशा मोजाव्यात आणि रेखाव्यात हे सांगितले. तळाचा नकाशा वेगळा, बाहेरच्या भिंतीचा वेगळा, आतल्या भिंतीचा वेगळा; आणि कशातही दूरच्या वस्तू लहान दाखवण्याची चित्रकाराची युक्ती नको, कारण मग माप घेता येत नाही. आज आपण ज्याला एलेव्हेशन म्हणतो, त्याची पक्की व्याख्या येथे आली.

आता आपल्या मुंबईत येऊ. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज स्थापत्यकाराचा. हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत! प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८६९ साली काम सुरू झाले आणि १८७८ साली २८० फुटांचा मनोरा उभा राहिला, तो लंडनहून आलेल्या आराखड्यावर. अशा स्थितीत नकाशाने केवढा भार उचलला असेल! तरीही सगळा भार कागदावर टाकता येत नाही. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने तयार केले येथील साहाय्यक अभियंते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. पगडीचा पेच कसा असतो, उपरणे खांद्यावरून कसे येते, हे लंडनच्या कचेरीतील कागदावर उतरणार तरी कसे? जे दुरून ठरवता येते ते स्कॉटने ठरवले. जे जवळून पाहिल्यावाचून ठरत नाही ते जवळच्या माणसाने. नकाशात मोकळी राहिलेली जागा ही अशी दुसऱ्याच्या अकलेसाठी राखलेली जागा असते.

हाताने नकाशे काढण्याच्या काळात या मर्यादेला एक आपोआप चालणारा पहारेकरी होता, तो म्हणजे हाताचे कष्ट. मेणकापडी ट्रेसिंगवर शाईने रेघ मारायची, चुकली तर पात्याने हळूच खरवडायची, आणि मग तीवरून निळी छाप काढायची. अशा कामात ड्राफ्ट्समन दोनशे खिडक्यांत दोनशे कड्या काढीत नसे. एक खिडकी नीट काढी आणि बाकीच्यांना नुसती चौकट देऊन मोकळा होई. माणसाचा कंटाळा हा विवेकाचा जुना मित्र आहे, तो येथे उपयोगी पडला.

दुसरा पहारेकरी कागदाचे प्रमाण. थोडे गणित करू. घाबरू नका, ते सोपे आहे. विटेचा एक थर सांध्यासकट साधारण ७५ मिलिमीटर धरा. एकास शंभर या प्रमाणात तो कागदावर पाऊण मिलिमीटर होतो. एकास दोनशेत पाऊण मिलिमीटरचाही निम्मा. नकाशाची बारीक रेघ ०.१८ मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे एकास दोनशेच्या नकाशात प्रत्येक थराची रेघ मारली, तर जवळजवळ निम्मी भिंत शाईनेच भरते. कठड्याचा १२ मिलिमीटरचा गज घ्या. एकास शंभरात त्याच्या दोन कडा ०.१२ मिलिमीटरवर येतात. रेघेच्या जाडीपेक्षा दोन रेघांतले अंतर कमी! मग कठड्याच्या जागी काळा डाग दिसेल नाहीतर काय? हाती पेन असणाऱ्याला हे रेघ मारतानाच दिसे आणि तो थांबे.

संगणकाने हे दोन्ही पहारेकरी एकदम रजेवर पाठवले. १९६३ साली अमेरिकेत आयव्हान सदरलँड याने 'स्केचपॅड' ही पद्धती तयार केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढायची आणि यंत्राने ती लक्षात ठेवायची. त्याचा पडदा सात इंचांचा, पण आकृती दोन हजार पटींनी मोठी करून पाहता येई. म्हणजे जणू पाव मैल लांबीरुंदीचा कागद हाती आला. ही सोय थोर होती. परंतु ज्या कागदाला कडा नाही आणि ज्याचे प्रमाण क्षणोक्षणी बदलते, त्यावर कोठे थांबावे हे कागद सांगत नाही. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि नकाशा खऱ्या मापात काढून शेवटी छापताना प्रमाण द्यायची रीत रूढ झाली. पुढे संगणकात सबंध इमारतच उभी करू लागले, आणि दर्शनी नकाशा हा तिचा एका बाजूने घेतलेला ठसा ठरला. खिडकी बनवणाऱ्या कारखान्याची तयार खिडकी आणून बसवली, की तिच्या बिजागरीचे स्क्रूसुद्धा बरोबर येतात. पडद्यावर जवळ जाऊन पाहणाऱ्याला ते सुरेख दिसतात. कागदावर त्यांची काजळी होते.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. १९७६ साली जेम्स क्लार्क या संगणकशास्त्रज्ञाने चित्रांपुरते एक तत्त्व मांडले होते की, एकाच वस्तूची ढोबळ आणि बारीक अशी अनेक रूपे ठेवावीत आणि वस्तू दूर असेल तेव्हा ढोबळ रूप वापरावे. इमारतींच्या नकाशांसाठीही तसेच झाले. २००० साली आलेल्या रेव्हिट या कार्यक्रमात प्रत्येक नकाशाला ढोबळ, मध्यम, बारीक अशी पायरी लावता येते. कळ दाबली की स्क्रू गेले. पण मला येथे थोडी शंका आहे. तपशील कमी करणे म्हणजे सरसकट लहान वस्तू पुसणे नव्हे. भारतीय सर्वेक्षण खात्याचा गावाचा नकाशा पाहा. त्यात विहीर तिच्या खऱ्या आकाराहून कितीतरी मोठी दाखवतात, आणि तिच्याहून मोठी असलेली एखादी गोठ्याची भिंत गाळतात. कारण वाटसरूला पाणी हवे असते. दर्शनी नकाशात मजल्यामजल्यांमधली इंचभर पुढे आलेली पट्टी बारीक असली, तरी सबंध इमारतीचा तोल तीवर असतो. ती राहिलीच पाहिजे. कळ ते जाणत नाही. कोणता भाग कोणत्या पायरीला दिसावा, हे आधी माणसाने बसून ठरवावे लागते, आणि बहुतेक कचेऱ्यांत त्यालाच वेळ नसतो.

दुसरा मुद्दा माझ्या मते अधिक गंभीर आहे. हाताच्या नकाशात बारीक रेघ दिसली, तर त्यामागे निर्णय आहे असे आपण धरीत असू, आणि बहुधा तसे असे. संगणकाने रेघ आणि निर्णय यांची ताटातूट केली. जाणकारांनाही हे जाणवले. २००८ साली अमेरिकन स्थापत्यकारांच्या संस्थेने आपल्या करारपत्रात १०० पासून ५०० पर्यंत पाच पायऱ्या घातल्या. त्या आकृती किती बारीक आहे ते मोजत नाहीत. त्या वस्तूविषयी कितपत ठरले आहे आणि तिच्यावर कितपत विसंबावे, ते सांगतात. पहिल्या पायरीची खुर्ची कितीही नक्षीदार दिसो, तिचा अर्थ "येथे खुर्चीसारखे काही येईल" इतकाच.

आमच्या त्या संस्थेचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. बरीच बोलाचाली झाल्यावर मागच्या बाजूच्या दुसऱ्या इमारतीसाठी नवे नकाशे मागवले. या वेळी कचेरीतल्या एका तरुण मुलीने ते केले. एकास शंभरच्या नकाशात भिंत जवळजवळ कोरी, खिडक्यांच्या नुसत्या चौकटी, मजल्यांच्या पट्ट्या तेवढ्या ठळक. शेजारी एकाच सज्जाचा एकास वीस प्रमाणातला नकाशा, त्यात गज मोजता येतील असे. तळमजल्याच्या जागी एक रिकामा चौकोन, आणि आत लिहिले होते : "दगड अद्याप ठरलेला नाही."

त्या चौकोनावर सभेत दीड तास चर्चा झाली आणि दगड ठरला. मग सर्वांत ज्येष्ठ सभासद उठले, नकाशा हातात उलटसुलट करून पाहिला, आणि त्यांनी विचारले की रेघा निम्म्या झाल्या असताना फी पूर्वीइतकीच कशी?