जुन्या खेळयंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार करतांना वस्तूचें मूळ रूप राखलें जातें कीं मोडतें, हा वाद केवळ देवळांपुरता नाहीं. निन्टेन्डो या जपानी कंपनीनें १९८३ सालीं काढलेलें ‘फॅमिकॉम’ हें व्हिडिओ गेमचें यंत्र चित्र व ध्वनि अँटेनाच्या वाटेनेंच दूरचित्रवाणी संचांत धाडी; त्यामुळें चित्र अंधुक उमटे, आणि पुष्कळ नव्या संचांत तर ती वाटच उरलेली नाहीं. म्हणून हौशी कारागीर पेटी उघडून चित्र घडविणाऱ्या चिपपासूनच तार काढतात व एका ट्रान्झिस्टरनें संकेत सबळ करून तो थेट पडद्याकडे नेतात. १९९३ सालीं खुद्द कंपनीनेंही अशीच सोय असलेलें फॅमिकॉम विकावयास काढलें!

यंत्राचें मर्म जाणणारा हात आम्हां मुरगूडकरांस अपरिचित नाहीं. आमच्या कोल्हापुरांतच बाबूराव पेंटर व दामले यांनीं १९१८ सालीं चित्रपटाचा कॅमेरा स्वहस्तें सिद्ध केला. मुकें पडलेलें यंत्र कपाटांत अभंग ठेवण्यापेक्षां तें बोलतें करणें, हेंच आम्हांस खरें जतन वाटतें. मात्र काढलेला भाग जपावा व केलेला बदल टिपून ठेवावा. म्हणजे पुढील पिढीस मूळ रूप पुन्हा उभें करतां येईल.