देवी गेली ती कशी?

सभेत बसलेल्या ज्या मंडळींनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी घरी गेल्यावर सदऱ्याची बाही वर करून पाहावी. दंडावर किंवा कोपराखाली रुपयाएवढे एकदोन वाटोळे वण बहुतेकांना दिसतील. क्षयाच्या टोचणीचा वण लहान असतो, तो निराळा. हा मोठा वण देवीच्या टोचणीचा. आपल्या नातवांच्या हातावर तो नाही आणि असण्याचे कारणही उरलेले नाही, कारण १९८० च्या ८ मे रोजी जागतिक आरोग्य परिषदेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माणसाने एखादा मानवी रोग संपूर्ण निपटून काढल्याचे आजवरचे उदाहरण हे एकच. तेव्हा तो गेला कसा, हे आपण पाहू.

आधी शब्दाकडे लक्ष वेधतो. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला आपल्या आयाबाया ‘लस’ म्हणत आल्या आहेत. इंजेक्शनच्या बाटलीतील औषधाला तोच शब्द का लागला? कारण आरंभी लस म्हणजे खरोखर तीच होती. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १७९६ साली गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील लस काढून एका आठ वर्षांच्या मुलास टोचली. गाईच्या आचळांवर येणारा हा सौम्य रोग देवीचा भाऊबंदच. शरीराने एकदा या गरीब भावाला ओळखून त्याच्याशी झगडण्याची तयारी केली, म्हणजे पुढे दांडगा भाऊ दारात आला तरी तो पूर्वीच्या ओळखीने पकडला जातो. रक्तातील प्रतिपिंडे आणि आठवण धरणाऱ्या पेशी हे काम करतात, हे पुष्कळ मागाहून कळले. जेन्नरला त्याचा पत्ता नव्हता. त्याने फक्त नीट पाहिले होते.

ही लस हिंदुस्थानात आणणे फार कठीण गेले. जहाजाच्या लांबच्या प्रवासात आणि उष्णतेत तिचा गुण मरे. अखेर व्हिएन्नाहून बगदाद, तेथून बसरा आणि बसऱ्याहून मुंबई अशी ती आली, आणि १८०२ च्या १४ जूनला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर टोचणी धरली. त्या वेळी आणखीही मुलांना टोचले होते, पण धरली ती तिचीच. तिच्या फोडातली लस पुढे दुसऱ्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी दुसऱ्यांना, अशी हातोहात पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत पसरली. हिंदुस्थानातील टोचणीचा सारा वंशविस्तार अशा रीतीने एका लहान मुलीच्या दंडापासून सुरू होतो. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच वर्षीचा वसईचा तह पाठ करून घेतात. या मुलीचे नाव मात्र फारसे कोणी सांगत नाही.

लोकांनी टोचणीला विरोध केला, हे सांगताना त्यांना अडाणी ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. एका मुलाच्या हातचे पाणी दुसऱ्याच्या रक्तात घालायचे, तेही कोणत्या जातीच्या, कोणता रोग असलेल्या मुलाचे हे न पाहता! जातीचा विचार सोडून दिला तरी रोगाची भीती खोटी नव्हती. हातोहात टोचणीतून दुसरे रोग जाऊ शकत. वासराच्या अंगावर लस वाढवू लागले तेव्हा कोठे ती भीती ओसरली. आपल्याकडे देवी आलेल्या घरात फोडणी देत नसत, दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत, परक्याला आत घेत नसत. माय कोपू नये म्हणून पाळलेल्या या नियमांत रोग्याला वेगळे ठेवण्याचा मोठा गुण होता, हे कबूल केले पाहिजे.

सरकारने १८८० साली सक्तीच्या टोचणीचा कायदा केला, तो नगरपालिका आणि छावण्यांपुरता. वाशिम तेव्हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. परंतु अनसिंगसारख्या खेड्यापाड्यांना त्या कायद्याचे छत्र नव्हते.

आता गाव कसे वाचते ते पाहू. समजा, देवीचा एक रोगी पाच जणांना रोग देतो. त्या पाचांपैकी चौघे टोचलेले असतील तर रोग एकालाच मिळेल. चौघांहून थोडे अधिक असतील तर साखळी आपोआप तुटेल. म्हणजे शंभरातील ऐंशीपेक्षा जास्त माणसे टोचली की उरलेली, न टोचलेलीही सुखरूप राहतात. प्रत्येक रोगाला हे लागू नाही. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती घेणाऱ्याचे बरेच रक्षण करी, पण शेजाऱ्याचे नाही. कारण गाठीचा प्लेग उंदरांच्या पिसवांतून येतो, आणि उंदरांना कोण टोचणार? देवी मात्र माणसाखेरीज कोठेच घर करीत नाही. तेथेच तिचा घात झाला.

तरीही १९६२ साली देशभर मोहीम निघाली, टोचणीचे आकडे कोट्यवधींनी फुगले, आणि रोग हटेना. याचे उत्तर सरासरीत दडले होते. शाळेतली मुले हाताशी सापडत, म्हणून त्यांनाच पुनःपुन्हा टोचले गेले. नवी जन्मलेली बाळे, फिरस्ते मजूर, तांड्यावरची माणसे राहून गेली. शंभरातली ऐंशी टोचलेली, पण राहिलेली वीस एकाच वस्तीत एकत्र! विस्तवाला तेवढे गवत पुरते. १९७३ पासून रीत बदलली. घरोघर रोग्याचे चित्र दाखवून शोध घ्यावयाचा, खबर देणाऱ्यास बक्षीस द्यावयाचे, रोग्याच्या दारावर रात्रंदिवस पहारा बसवावयाचा आणि भोवतालच्या प्रत्येकास टोचावयाचे. १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले होते. देशातला शेवटचा रोगी १९७५ च्या २४ मे रोजी आसामातील करीमगंजला सापडला.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो; त्यासाठी शंभरातील ऐंशी पुरत नाहीत, पंचाण्णव लागतात. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडीत गोवर उठला, तो दाटीच्या वस्तीत, टोचणी राहून गेलेल्या मुलांमध्ये. आमच्याकडे, वाशिम-पुसद रस्त्याच्या दोहों बाजूंच्या तांड्यांकडे पाहा. दिवाळीनंतर कामाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचे मूल नऊ महिन्यांचे होते तेव्हा ते परगावच्या पालात असते. परत येते तेव्हा नोंदवहीत त्याचा रकाना कोरा असतो. आणि आठ महिन्यांचे बाळ तर, आईबाप कितीही शहाणे असोत, गोवराची नेहमीची टोचणी घेण्याच्या वयातच नसते. आईकडून आलेले रक्षण तोवर ओसरू लागलेले असते. बाजारात कडेवर घेऊन हिंडवलेल्या त्या बाळाभोवती त्या घटकेला शेजारच्या मुलांच्या दंडांखेरीज दुसरे कुंपण नसते.