पदकाचा भाव

आजोबांचे शौर्यपदक विकावे का, असा प्रश्न आपल्या बॅचच्या ग्रुपवर एकाने टाकला आणि दोन मिनिटांत निकाल लागला: "छे, पूर्वजांची अब्रू विकायची का?" विचारणाऱ्याच्या घरी तेव्हा आजारपण होते. तो पुढे काही बोलला नाही. मी इंजिनिअर, इतिहासाला शाळेत जेमतेम पास होणारी. पण तो निकाल मला घाईचा वाटला.

धरणगावला १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, हे आपण खानदेशी लोक ऐकून असतो. त्याच्या पुढच्या दोन गोष्टी कमी ऐकायला मिळतात. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर लुटीतला वाटा त्याच्याकडे आला. ते युद्धच अन्यायाचे असे त्याचे मत होते, म्हणून त्याने तो पैसा धर्मादाय कामांना वाटून टाकला. १८५७ मध्ये लखनौच्या मोहिमेत तो स्वयंसेवक घोडेस्वारांबरोबर लढला. त्या स्वारांनी व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्याचे नाव दिले, तेही त्याने नाकारले. माणूस संत नव्हता. भिल्लांना काबूत आणायलाच तो इकडे आला होता. तो क्रॉस हिंदी शिपायांना १९११ पर्यंत मिळतही नव्हता. आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात आंबापाणीला इंग्रजांशी लढलेल्या भिल्लांच्या वारसांकडे विकायलासुद्धा पदक नाही.

धातू म्हणून पदकाचे मोल थोडेच. सावित्रीबाई खानोलकरांनी रचना केलेले परमवीर चक्र कांस्याचे, महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीचे. जळगावच्या सराफाने वजनकाट्यावर ठेवले तर किती भरणार? पण तोच खरा धोका. १९८० च्या सुमारास जगभर चांदी भडकली तेव्हा पहिल्या महायुद्धातली कितीतरी ब्रिटिश चांदीची पदके मुशीत गेली. त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असे, तेही गेले. त्यापेक्षा संग्राहक बरा, तो निदान नाव जपतो.

संग्राहकाचा बाजारही साधा नाही. नाईक किरपा राम यांनी १९४५ मध्ये सरावाच्या वेळी फुटू पाहणाऱ्या ग्रेनेडपासून सोबत्यांना वाचवताना प्राण दिले. त्यांच्या पत्नी ब्रह्मीदेवींकडचा जॉर्ज क्रॉस चोरीला गेला आणि २००९ मध्ये थेट लंडनच्या लिलावात दिसला. विक्री थांबवावी लागली. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातली पदके त्या वयाची झाली, दुसऱ्यातली अजून नाहीत. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी दोनशेहून जास्त व्हिक्टोरिया क्रॉस जमवले. २०१० पासून ते लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये मांडले होते. ते दालनही बंद करण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

आता आपल्या घरची गोष्ट. २००९ मध्ये 'समान पद, समान पेन्शन'साठी माजी सैनिकांनी हजारो पदके राष्ट्रपती भवनात नेऊन दिली. राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती, तेव्हा जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. मागणी पेन्शनची, म्हणजे पैशांचीच होती. तरी त्या म्हाताऱ्या सैनिकांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग औषधपाण्यासाठी पदक विकणाऱ्या नातवालाच का म्हणायचे?

फरक आहे, मान्य. सैनिकाने ते कमावलेले असते, नातवाला ते आयते मिळालेले असते. म्हणून नातवाने आजीला, काका-आत्यांना विचारावे. आजोबांची पदके सुटी करू नयेत. सगळा संच प्रशस्तिपत्रासह एकत्र द्यावा, आणि आधी त्यांच्या पलटणीला विचारावे. एवढे करून विकले, तर मला त्यात लाज दिसत नाही. लाज असलीच तर ग्रुपवर उपदेश करून वर्गणी न काढणाऱ्या आपल्या सगळ्यांची थोडी आहे.

धुळे-जळगावकडच्या ज्यांच्या घरी असे पदक असेल त्यांनी दोन्ही बाजूंचे, कडेवरच्या अक्षरांचे आणि कागदपत्रांचे फोटो मला पाठवावेत. स्कॅनिंग, नोंदी आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची एक प्रत, एवढे काम माझ्याकडे. मोडीतले कागद वाचायला मात्र कुणीतरी सर लागतील.