पासबुकांतील नांव

१९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. वारशाचें शास्त्र मात्र विभागलें नाहीं. ‘मिताक्षरा’ व नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हे दोन्ही ग्रंथ न्यायालयें येथें सारखेच प्रमाण मानीत. दायविभागाचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या त्या ग्रंथकारांना बँकेचें खातें कोठून ठाऊक असणार!

पतीनें खात्यावर पत्नीचेंही नांव घातलें, ‘दोघांपैकीं कोणासही, अथवा मागें राहील त्यास’ रक्कम द्यावी असें लिहून दिलें, आणि तो वारला. पैसा कोणाचा? इंग्लंडांत ती पत्नीस दिलेली देणगी असें गृहीत धरीत. प्रिव्ही कौन्सिलनें १९२८ सालीं एका हिंदु कुटुंबाच्या खटल्यांत तें गृहीत नाकारलें. देणगीचा हेतु सिद्ध न झाल्यास रक्कम मृताच्याच मिळकतींत मोडते, असा निर्णय झाला. कारण दुसऱ्याच्या नांवें मिळकत ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच. रक्कम देऊन बँक मोकळी होते, भावंडें होत नाहींत.

नामनिर्देशनाचेंही तेंच. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर यांच्या मिळकतीच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं सांगितलें कीं, नामनिर्देशित व्यक्ति मालक नव्हे.

थोरल्याचें नांव वडिलांनीं बहुधा आपले बँकेचे हेलपाटे वांचावे म्हणूनच घातलेलें असतें. बहिणीनें हिशेब विचारला कीं घरभेदी ठरते ती! वडिलांचें मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें त्यांच्या स्वकष्टार्जित पैशांत तिचा वांटा भावाइतकाच आहे. पासबुकावर नांव कोणाचेंही असो.