गवताच्या गंजीपासून मुंबईच्या छापखान्यापर्यंत

पदवी हाती पडली, आता पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील तरुणांपुढे उभा राहतो. बहुतेकांचे उत्तर घरच्या गरजेने आधीच ठरवून ठेवलेले असते. क्वचित एखादा तरुण मात्र म्हणतो, मला माझ्यापुरते पाहावयाचे नाही. अशा तरुणांचे पुढे काय होते, हे शोधण्याची आम्हांला फार दिवसांची हौस आहे. आम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, वर्गणीच्या पावत्या फाडून झाल्यावर, रात्री वाचले. परंतु माणसे जमवणे, त्यांच्याकडून शब्द घेणे आणि तो शब्द टिकवणे, हाच आमचा आयुष्यभराचा उद्योग असल्यामुळे शपथ घेणाऱ्या तरुणांविषयी आम्हांला विशेष कुतूहल वाटते. त्या कुतूहलापोटी अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांची हकीकत येथे मांडीत आहोत. ती सुरू होते दूरदेशी. पण पोहोचते मुंबई, नाशिक आणि अहमदनगर येथे. म्हणून ती आपलीही आहे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या डोंगराळ कोपऱ्यात विल्यम्सटाउन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील विल्यम्स कॉलेज १७९३ साली निघाले. १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात या कॉलेजचे पाच विद्यार्थी गावाबाहेरच्या कुरणात प्रार्थनेसाठी जमले होते. तोच वादळ आले, विजा कडाडू लागल्या, आणि पोरांनी जवळच्या गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. त्या दिवसांत ते आशिया खंडाचा भूगोल शिकत होते. बोलणे तिकडेच वळले. त्यांच्यातील सॅम्युएल मिल्स म्हणाला की, ख्रिस्ताची शिकवण आशियात नेली पाहिजे, आणि ती आपणच नेली पाहिजे. हार्वे लूमिस नावाच्या सोबत्याला हे पटले नाही. आधी त्या देशांत सुधारणा पोहोचू द्या, नाहीतर जाणारा जिवानिशी जाईल, असे त्याचे म्हणणे पडले. बाकीच्यांनी प्रार्थना केली, पाऊस उघडला आणि मुले परतली. अमेरिकेच्या परदेशी मिशनांचा उगम या गंजीखाली झाला असे मानतात, आणि १८६७ साली त्या जागी एक स्मारकस्तंभही उभारला गेला.

एक गोष्ट मात्र येथेच सांगितली पाहिजे. ज्या आशियाविषयी ही मुले बोलत होती, त्या आशियातील एकही माणूस त्यांनी बहुधा पाहिलेला नव्हता. तेथील लोक अंधारात आहेत हे त्यांनी गृहीत धरले होते. त्या लोकांना विचारण्याचा प्रश्नच त्यांच्या मनात उद्भवला नाही. नेमक्या त्याच वर्षी, त्याच्या आदल्याच महिन्यात, म्हणजे जुलै १८०६ मध्ये, मद्रास इलाख्यात वेल्लोर येथे हिंदी शिपायांनी बंड केले होते. नवी पगडी, कपाळावरच्या गंधाला आणि दाढीला बंदी, यांतून आपल्याला बाटवण्याचा डाव आहे असा संशय शिपायांत पसरला होता. एका खंडात पोरे धर्मोपदेशाची स्वप्ने पाहात होती, आणि दुसऱ्या खंडात धर्म जाईल या भीतीने माणसे मरत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

असो. स्वप्ने पुष्कळ मुले पाहतात. मिल्सचे वैशिष्ट्य असे की त्याने स्वप्नाची संघटना केली. १८०८ साली विल्यम्स कॉलेजात त्याने एक बंधुमंडळ स्थापन केले. हे मंडळ गुप्त होते. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती. लोकांना ही कल्पना वेडेपणाची वाटेल आणि बेत फसला तर थट्टा होईल, म्हणून ही काळजी. सभासद होण्याची अट कडक होती. परदेशी जाण्याच्या आड येईल असा कोणताही करार, कोणतेही बंधन ज्याच्यावर असेल त्याला प्रवेश नाही. आणि आत आल्यावरही प्रत्येकाने स्वतःला तसे मोकळे ठेवावयाचे. आमच्या क्षेत्रातील माणसाला या नियमाचे मर्म तत्काळ कळते. सभेत हात वर करणारे शंभर मिळतात. हात वर केल्यावर ज्याचे पाय मोकळे आहेत, असे चार निघाले तरी पुष्कळ.

मंडळातील काही जण पुढे अँडोव्हर येथील धर्मशास्त्राच्या विद्यालयात गेले. हे विद्यालय १८०८ मध्ये नुकतेच सुरू झाले होते. निरनिराळ्या कॉलेजांचे पदवीधर तेथे एकत्र आले : ब्राउनचा अडोनिराम जडसन, हार्वर्डचा सॅम्युएल न्यूएल, युनियन कॉलेजचा सॅम्युएल नॉट, आणि विल्यम्सचे गॉर्डन हॉल, ल्यूथर राइस व मिल्स. १८१० च्या जूनमध्ये या विद्यार्थ्यांनी ब्रॅडफर्ड येथे भरलेल्या धर्मोपदेशकांच्या प्रांतिक सभेपुढे एक अर्ज ठेवला. आमचा बेत अव्यवहार्य वाटतो काय? आम्ही पूर्वेकडे जावे की पश्चिमेकडे? आमच्या पाठीशी याच देशातील एखादी संस्था उभी राहील, की आम्ही युरोपातील संस्थेच्या हाती स्वतःला सोपवावे? असा त्या अर्जाचा आशय होता. अर्जावर प्रथम सहा नावे होती. इतकी तोंडे पोसावयाची हे पाहून वडीलधारी मंडळी दचकतील, म्हणून राइस आणि जेम्स रिचर्ड्स यांची नावे खोडण्यात आली आणि चार उरली.

हा अर्ज आम्हांला त्या गंजीखालच्या प्रार्थनेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्यागाच्या गोष्टी सांगणारे लोक भाकरीचा प्रश्न सहसा टाळतात. भाकरीचे नाव काढले की त्यागाला कमीपणा येतो, अशी समजूत आहे. या मुलांनी तो प्रश्न सरळ विचारला. जाण्यास आम्ही तयार आहोत, आमच्यामागे कोण उभे राहणार ते सांगा. उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळाले. २९ जून १८१० रोजी परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. विद्यार्थ्यांच्या एका अर्जातून एक संस्था जन्मली, आणि ती दीडशे वर्षे चालली.

संस्था निघाली तरी तिची पेटी रिकामी होती. म्हणून १८११ च्या आरंभी जडसनला लंडनला पाठवण्यात आले. तेथील मिशनरी सोसायटीने खर्चाचा वाटा उचलावा अशी विनंती करावयाची होती. वाटेत फ्रेंच लोकांनी त्याचे जहाज पकडले आणि त्याला फ्रान्समधील बेयॉन येथे तुरुंगात टाकले. तेथून सुटून तो लंडनला पोहोचला. लंडनकर मंडळी या तरुणांना आपल्या नोकरीत घेण्यास राजी होती. परंतु अर्धा कारभार बॉस्टनचा आणि अर्धा लंडनचा ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. तेव्हा अमेरिकन बोर्डाला आपल्याच गावागावांतून वर्गणी गोळा करावी लागली. दरम्यान हॉल आणि न्यूएल यांनी फिलाडेल्फियात राहून थोडेफार वैद्यकही शिकून घेतले.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील चर्चमध्ये जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस या पाच जणांना दीक्षा मिळाली. त्याच महिन्यात दोन जहाजांतून ते कलकत्त्याकडे निघाले. तिघांबरोबर त्यांच्या नवविवाहित पत्नी होत्या. या मुलींना अँडोव्हरच्या विद्यालयात प्रवेश नव्हता आणि त्यांना दीक्षाही नव्हती. धोका मात्र तितकाच होता. न्यूएलची पत्नी हॅरिएट निघाली तेव्हा अठरा वर्षांची होती. कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने या मंडळींना देश सोडण्याचा हुकूम दिला. वेल्लोरचा धसका सरकारने घेतलेला होता, आणि त्यातच अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध सुरू झाले होते. न्यूएल दांपत्य मॉरिशसला गेले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तेथेच हॅरिएट वारली. तिला एकोणीस पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

संघटनेत फूटही पडली. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की जाणतेपणी, या प्रश्नावर जडसनचे मत प्रवासातच डळमळले. कलकत्त्यात तो बॅप्टिस्ट पंथात गेला आणि पाठोपाठ राइसही गेला. ज्या बोर्डाने घरोघर फिरून पैसे जमवले होते, त्याचे पाचांपैकी दोन गडी पहिल्याच वर्षी निघून गेले. जडसनने पुढे ब्रह्मदेशात आयुष्य वेचले आणि बायबल ब्रह्मी भाषेत आणले, ही त्याची स्वतंत्र कथा आहे.

हॉल आणि नॉट हे दोघे कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. तेथेही हद्दपारीचा हुकूम त्यांची वाट पाहात होता. एकदा ते किनाऱ्याच्या गलबतातून कोचीनपर्यंत पळाले आणि पकडून परत आणले गेले. अखेर हॉलने मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना अर्जावर अर्ज केले. त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद नवी झाली, मिशनऱ्यांना परवाने देण्याची तरतूद झाली, आणि हे दोघे टिकले. प्रकृतीमुळे नॉट १८१५ मध्ये परतला. न्यूएल सिलोनहून येऊन मिळाला होता. १८२१ मध्ये मुंबईतच पटकीने त्याचा अंत झाला.

आता खरी परीक्षा सुरू झाली. अँडोव्हरला हिब्रू आणि ग्रीक शिकवीत असत; मराठी शिकवणारे तेथे कोण असणार? ज्यांना शिकवावयास आलो त्यांच्याकडूनच आधी शिकावे लागते, हे या पदवीधरांना मुंबईच्या रस्त्यांवर उमगले. ते पंडितांपाशी बसले, बाजारात बोलले. शाळा काढल्या तर त्यांत शिकवण्यास हिंदू पंतोजीच नेमावे लागले. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी आला, छापखाना उभा राहिला, आणि १८१७ मध्ये त्यातून आठ पानांचे पहिले मराठी पुस्तक बाहेर पडले. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू झाली. १८२६ मध्ये मराठीतील नवा करार पुरा छापून झाला.

त्याच १८२६ च्या मार्चमध्ये हॉल फिरतीवर नाशिककडे गेला. तेथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्याने रोग्यांना वाटले आणि तो परत फिरला. वाटेत एका खेड्यात, देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला असताना, त्यालाच पटकी झाली. २० मार्च रोजी तो वारला. वयाची बेचाळीस वर्षे पुरी होण्यास काही दिवस होते. ज्या मूर्तिपूजेविरुद्ध तो तेरा वर्षे बोलला, तिच्याच एका देवळाने शेवटच्या रात्री त्याला आसरा दिला.

ज्यासाठी ही मंडळी आली होती, त्या मोजमापाने हिशेब मांडला तर काय दिसते? १८१८ साली हॉल आणि न्यूएल यांनी मुंबईहून एक पुस्तिका लिहिली. तिच्यात जगातील साठ कोटी लोकांचा दावा मांडून, किती उपदेशक लागतील याचे गणितही केले होते. प्रत्यक्षात मुंबईत पहिल्या दहा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेत असा अहवाल वाचताना चिटणिसाचा आवाज खाली गेला असता.

परंतु जमेच्या बाजूला असे काही पडले, जे त्यांच्या गणितात नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात गणपत कृष्णाजी यांनी काम पाहिले आणि शिकले. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढून १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. मिशनऱ्यांकडून शिकलेल्या विद्येतून हिंदूंचे पंचांग निघाले! त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे सुबक झाले, आणि तेथेच जावजी दादाजी नावाचा दहा वर्षांचा गरीब मुलगा महिना दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागला. त्याच जावजींनी १८६४ मध्ये टाइप-फौंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. वेद, काव्य, नाटक, शास्त्र, सारे संस्कृत वाङ्मय शुद्ध आणि देखण्या अक्षरांत ज्या घराने देशभर पोहोचवले, त्याचा धनी खिळे घासणारा बालमजूर होता, हे आम्ही कामगारांनी तरी विसरू नये.

मुलींच्या शाळांचेही तसेच झाले. १८२७ मध्ये अमेरिकेहून सिंथिया फरार आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित शिक्षिकांपैकी त्या एक. मुंबईत आणि नंतर अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच त्यांचे देहावसान झाले. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी पाद्र्यांचा धर्म घेतला नाही. शाळा मात्र घेतली, आणि ज्यांना कोणी शाळेत बसू देत नव्हते त्यांच्यापर्यंत ती नेली.

गंजीखालच्या पाच जणांचेही सांगितले पाहिजे. त्यांच्यापैकी आशियात पोहोचला तो एकटा रिचर्ड्स. ज्याचे नाव अर्जावरून खोडले गेले होते तोच. तो सिलोनमध्ये काम करून तेथेच वारला. मिल्स स्वतः आशियात कधी आलाच नाही. आफ्रिकेहून परतताना १८१८ मध्ये समुद्रावर त्याचा अंत झाला. बायरम ग्रीन पुढे अमेरिकेच्या काँग्रेसचा सभासद झाला.

या हकिकतीतून आम्हांला जे दिसते ते असे. तरुणपणाची शपथ खोटी नसते. पण ती एकट्याने टिकत नाही. तिला सोबती लागतात, नियम लागतो, आणि पाठीमागे कोणीतरी वर्गणी गोळा करणारा लागतो. विल्यम्स आणि अँडोव्हरच्या मुलांनी हे सारे जमवले, म्हणून ती येथवर आली. त्याहून कठीण गोष्ट त्यांना येथे शिकावी लागली, ती म्हणजे आपण ज्यांच्यासाठी आलो त्यांची भाषा. आणि सर्वांत कठीण गोष्ट कदाचित त्यांना अखेरपर्यंत मान्य झाली नसेल. दिलेल्या वस्तूतून काय घ्यावे आणि काय नाकारावे, हे घेणारा ठरवतो. त्यांनी पुस्तक दिले. लोकांनी छापखाना घेतला. त्यांनी उपदेश दिला. लोकांनी शाळा घेतली.

आजही दर उन्हाळ्यात कॉलेजांतून मुले बाहेर पडतात. त्यांच्यातील काहींच्या मनात खेड्यात जावे, झोपडपट्टीत जावे, कामगारांत जावे असे येते. आमच्या कचेरीतही अशी मुले येतात. त्यांना आम्ही हाच प्रश्न विचारतो : सोबती कोण, भाकरीची सोय काय, आणि ज्यांच्यात जाणार त्यांची बोली येते काय? पहिल्या दोहोंची व्यवस्था आम्ही वडीलधाऱ्यांनी केली पाहिजे. ब्रॅडफर्डच्या सभेने एका दिवसात केली, आपल्याला निदान एका वर्षात साधावी. तिसरी गोष्ट मात्र ज्याची त्यानेच, लोकांत बसून, शिकावयाची आहे.