सर्व्हर नवा, वेबसाइट जुनी: कनेक्शन का तुटतं याचा छोटा इतिहास



माझं संशोधन खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यावर आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली गावं, नमुन्याची तारीख, क्षारांचं प्रमाण आणि शेतकऱ्यानं सांगितलेलं चार ओळींचं मराठी टिपण, असं सगळं एका साध्या वेबसाइटमागच्या डेटाबेसमध्ये साठवलेलं. वेबसाइट पीएचपी ५.६ मध्ये, कुण्या सीनियरनं लिहिलेली. एका शनिवारी जुनं मशीन बदललं, नव्यावर मायएसक्यूएल ८.० आलं, आणि वेबसाइट बंद! पासवर्ड तोच, युजर तोच. मग बिघडलं काय?

पडद्यावरच्या संदेशाचा अर्थ असा होता: सर्व्हरनं २५५ क्रमांकाचा कॅरॅक्टर सेट पाठवला, तो क्लायंटला माहीत नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तो बदलला, तर दुसरी तक्रार आली: सर्व्हरनं मागितलेली ओळख पटवण्याची पद्धत क्लायंटला माहीत नाही. दोन्ही वाक्यांत 'माहीत नाही' आहे, 'चूक आहे' असं नाही. म्हणजे भांडण पासवर्डचं नव्हतं, दोन पिढ्यांचं होतं. हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

मायएसक्यूएल १९९५ मध्ये आलं. बनवणारी कंपनी स्वीडनची, म्हणून वर्षानुवर्षं त्याचा मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश होता. सुरुवातीच्या आवृत्त्या पासवर्डचा हॅश फक्त १६ अक्षरांत ठेवत. तो कमकुवत होता. २००४ मध्ये ४.१ आवृत्तीनं ४१ अक्षरांचा नवा हॅश आणला. लगेच जगभरच्या जुन्या वेबसाइट नव्या सर्व्हरला जोडेनात. तेव्हाचा एरर क्रमांक १२५१, आणि तक्रार जवळपास हीच. जुनी पद्धत सवलत म्हणून चालू ठेवली गेली; २०१५ च्या ५.७ मध्ये ती सवलतही काढून टाकली.

२०१८ मध्ये ८.० आलं आणि तीच गोष्ट पुन्हा घडली. आता नव्या युजरसाठी ओळख पटवण्याची नेहमीची पद्धत झाली कॅशिंग शा-२, आणि नेहमीचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ एमबी-४. आमचं पीएचपी त्याच्या कितीतरी आधीचं, त्याला हे कुठून कळणार? तात्पुरता उपाय होता: आमच्या युजरला जुनी पद्धत लावून द्यायची. पण राजेहो, तीही २०२४ च्या ८.४ मध्ये मुळातच बंद ठेवलेली आहे आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे. खरा उपाय म्हणजे पीएचपी बदलणं. तेही सोपं नव्हतं, कारण वेबसाइटचा कोड जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांवर उभा होता आणि ती फंक्शनं पीएचपी ७ मध्ये राहिलीच नाहीत. एक खिळा काढायला गेलो आणि अख्खी चौकट हातात आली.

पण सगळ्यात मोठी भीती पुढे होती. कनेक्शन जुळलं, आकडे नीट दिसले, आणि मराठी टिपणांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं! देवनागरीतलं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. आमचे रकाने लॅटिन-१ चे होते आणि जुनं कनेक्शनही लॅटिन-१ चं, त्यामुळे बाइट जसे जात तसेच परत येत. नवं कनेक्शन यूटीएफ-८ चं झालं, तसं प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर दिसू लागलं.

इथे घाई केली असती तर नुकसान झालं असतं. रकाना सरळ यूटीएफ-८ मध्ये बदलला की ती गिचमिड तशीच पक्की होते. बरोबर वाट अशी: आधी पूर्ण बॅकअप, मग रकाना नुसत्या बाइटच्या प्रकारात (ब्लॉब) बदलायचा, आणि तिथून यूटीएफ-८ एमबी-४ मध्ये न्यायचा. हे आधी प्रतीवर करून पाहिलं. गावांची नावं परत दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. विहिरीचं पाणी पुन्हा मोजता येतं, पण त्या दिवशीचं ते बोलणं पुन्हा मिळत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. आधी त्याच मशीनवरून कमांड लाइननं जोडून पाहा. एरर २००२ असेल तर सर्व्हरपर्यंत पोचणंच झालेलं नाही: सर्व्हर चालू आहे का आणि सॉकेट फाइलचा पत्ता बदललाय का ते बघा. १०४५ असेल तर युजर, पासवर्ड किंवा कुठून जोडताय ते तपासा. १२५१ किंवा 'पद्धत माहीत नाही' असेल तर पासवर्ड बदलत बसू नका. दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या आणि त्यांची वर्षं कागदावर लिहा. बहुतेक वेळा उत्तर त्या दोन वर्षांच्या मधल्या काळातच सापडतं.

नमुन्याच्या बाटलीवर तारीख नसेल तर आपण तो नमुना फेकून देतो. आता माझ्या वहीत प्रत्येक डेटासेटसमोर सर्व्हरची, पीएचपीची आवृत्ती आणि कॅरॅक्टर सेट लिहिलेला असतो. तुम्ही आजपासूनच लिहायला लागा, शनिवार वाया जाणार नाही.